लेमन पायवरचे मेरँग

घरोघरी ओव्हन आले तसे ईदच्या दावतीत शीरखुर्म्याच्या शेजारी लेमन पायही दिसू लागला. त्याचा खालचा खुसखुशीत थर आणि लिंबाचे पिवळे पुरण आपल्या बहुतेक भगिनींना जमते. अडते ते वरच्या पांढऱ्या मेरँगपाशी. ओव्हनमधून काढताना ते देखणे दिसते. पाहुणे येईपर्यंत त्याच्याखाली पाणी सुटते, वर मधासारखे थेंब जमतात आणि सुरी लावताच अख्खा थर घसरतो.

अंड्याच्या पांढऱ्या बलकात सुमारे ९० टक्के पाणीच असते. फेटताना आपण त्यात हवा भरतो आणि बलकातील प्रथिने बुडबुड्यांभोवती जाळे धरतात. हे जाळे कच्चे राहिले तर पाणी खाली झिरपते, जास्त भाजले तर आवळून थेंब बाहेर टाकते. एकाच पायमध्ये खालून कच्चे आणि वरून जास्त भाजलेले, असे दोन्ही दोष येऊ शकतात. नुसता वेळ कमी-जास्त करून ते सुटत नाहीत.

म्हणून पुरण कढत असतानाच मेरँग वर पसरावे. खालच्या उष्णतेने त्याचा तळ शिजतो. थंड पुरणावर पसरलेल्या मेरँगचा तळ कच्चा राहण्याची भीती असते, आणि घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वृद्ध असतील तर कच्चे अंडे टाळलेलेच बरे.

९ इंची पायला ४ अंड्यांचे पांढरे बलक आणि अर्धा कप बारीक साखर पुरते. अंडी थंड असतानाच फोडावीत, बलक नीट वेगळे होतात. पण फेटण्याआधी अर्धा तास बाहेर ठेवावेत. भांडे स्टीलचे किंवा काचेचे घ्यावे, प्लॅस्टिकला तुपातेलाचा अंश चिकटून राहतो. पिवळ्याचा थेंबही पडला तर फेस उभा राहत नाही. वेगळे काढलेले पिवळे बलक पुरणातच वापरले जातात, वाया काही जात नाही.

फेस स्थिर राहावा म्हणून पाककृतींत क्रीम ऑफ टार्टार सांगितलेले असते. ते द्राक्षांची दारू तयार होताना पिंपात साचणाऱ्या साक्यापासून काढतात, हे अनेकींना ठाऊक नसते. त्याचा शरई हुकूम सांगणे हे आमचे काम नाही, तो आलिमांना विचारावा. स्वयंपाकघरापुरते इतकेच की एक छोटा चमचा लिंबाचा रस तेच काम करतो, आणि लेमन पायसाठी लिंबू तर समोरच असते. काही जणी या खटपटीऐवजी वर मार्शमॅलो वितळवतात. त्यात बहुधा जिलेटिन असते, तेव्हा पाकीट वाचल्याशिवाय घेऊ नये.

मऊ टोके दिसू लागली की साखर एकेक चमचा घालावी. फेस चिमटीत चोळून पाहावा. कण लागले तर साखर विरघळलेली नाही, आणि पुढे थेंब येण्याचे तेही एक कारण असते. मग एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर पाव कपाहून थोड्या जास्त पाण्यात शिजवून केलेली लापशी कोमट करून थोडी थोडी घालावी. ती पाणी धरून ठेवते. आमच्या मते एवढी एकच युक्ती उचलली तरी निम्मा त्रास वाचेल.

मेरँग आधी कडेने लावून खालच्या पिठाच्या थराला चिकटवावे, मग मध्ये भरावे. कडेला फट राहिली की थर आकसून सुटतो. चमच्याच्या पाठीने टोके उचलावीत आणि १६० अंश सेल्सिअसवर सुमारे २० मिनिटे, टोके बदामी होईपर्यंत भाजावे.

पाय खोलीतच निवू द्यावा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, साखर हवेतली ओल ओढते; तेव्हा दावतीच्या दिवशीच करावा, आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवू नये. सुरी प्रत्येक वेळी गरम पाण्यात बुडवून कापली तर टोके मोडत नाहीत.