शूटिंग आपल्या गावात यावं म्हणून

‘स्वदेस’चं शूटिंग वाईजवळच्या मेणवलीला झालं, ‘सैराट’चं करमाळ्याकडे. आपल्या जुन्नर-आंबेगावातही नाणेघाट आहे, डिंभ्याचं पाणी आहे, नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. २०१८ मध्ये जुन्नर विशेष पर्यटन तालुकाही झाला.

कमी पैशात सिनेमा काढणारी मंडळी थोडीच माणसं घेऊन येतात. त्यांचे प्रश्न तीन: राहायचं कुठं, जेवण कोण देणार, परवानगी कुणाची? उत्तरं आपल्याकडे तयार हवीत. शिवनेरी, लेण्याद्रीसाठी भारतीय पुरातत्त्व खात्याची, भीमाशंकर अभयारण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. गावात आधी ग्रामपंचायतीला विचारायचं, शेतात-घरात मालकाला. अर्ज तेच करतील, वाट आपण दाखवायची.

आता खरी गोष्ट. पाहुणे आले की आपण चहा, भाकरी, अंगण सगळं फुकट देतो. इथं तसं नको. ताटाचा, खोलीचा, अंगणाचा दर गटाच्या वहीत लिहा. निम्मे पैसे आगाऊ, तेही गटाच्या खात्यावर. गर्दीत उभं राहायचं तर रोज आधी ठरवा. पीक तुडवलं तर भरपाई कोण देणार, तेही लिहून घ्या.

येत्या बैठकीत जुने वाडे, चुली, जाती यांचे फोटो काढून ठेवा. पाहुणचार करूच, पण हिशोबानं.