टाच उचलू नका

सकाळी 8. फिजिओथेरपीच्या दवाखान्यात पहिला नंबर कबड्डीच्या चढाईपटूचा. पकडीत पाय आत वळून उजवा घोटा मुरगळलेला. सूज ओसरली, पण पाय ताठ. त्याला भिंतीसमोर उभं केलं. गुडघा वाकवून भिंतीला टेकवायचा, टाच जमिनीवरच ठेवायची. नडगीवर मी फोन धरते. फोनमधला सेन्सर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो, ॲप त्यावरून नडगीचा कल सांगतं. डावा 41 अंश, उजवा 32.

“मॅडम, एक्केचाळीस पाहिजेत ना? काढतो की!” म्हणाला आणि 38 काढलेही. टाच उचलून! म्हणून टाचेखाली कागदाचा कपटा ठेवते. तो ओढून निघाला, तर आकडा बाद.

10. पोलीस भरतीसाठी धावणारी मुलगी, कालच पडलेली. आईने आंबेहळदीचा लेप थापलेला. तो धुऊन आधी हाडं दाबून पाहिली. घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर बोट टेकताच ती कळवळली. अशा वेळी कोन मोजायचा नसतो. एक्स-रेला पाठवलं.

दुपारी 1. डबा, आणि नव्या सहकाऱ्याशी नेहमीचा वाद. ॲप अचूक का? माझ्या मते ॲपपेक्षा हात चुकतो. फोन आज गुडघ्याखालच्या उंचवट्याला लावला, उद्या चार बोटं खाली, की आकडा बदलला. जाड कव्हर काढायचं, तेही कुणी काढत नाही.

4. जिन्यावरून घसरलेल्या आजी. भिंतीची चाचणी त्यांना झेपत नाही. पलंगावर पाय सोडून गोनिओमीटरनेच, म्हणजे कोनमापकाने, घोट्याचा कोन मोजला. तो आकडा भिंतीच्या आकड्याशी ताडायचा नसतो.

6. गडप्रेमी आयटीवाला. “दोन अंश वाढले!” घरी मोजून आलाय. दोन अंशांची वाढ मी धरत नाही. चार-पाच अंशांच्या आतला फरक मोजणीतलाही असू शकतो. त्याला एका पायावर, डोळे मिटून उभं केलं. लगेच भिंत धरली. कोन भरून आला तरी तोल यायचाय, आणि राजगडाच्या उतरणीवर तोलच लागतो. रविवारचा बेत रद्द. चेहरा पाहण्यासारखा.

रात्री 8. नोंदी. घरी मोजणाऱ्यांना एवढंच सांगणं: अनवाणी मोजा, दोन्ही पाय मोजा, फोन दर वेळी त्याच जागी धरा, व्यायामाआधी मोजत असाल तर नेहमी आधीच मोजा. फोन नसेल तर अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर पट्टीने घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण साडेतीन अंश.