वसतिगृहात नंबर लागला नाही तर

भंडाऱ्याहून नागपूर साधारण ६० किलोमीटर. रोज एसटीने जाणं-येणं केलं की पोरीचा जीव प्रवासातच शिणतो. म्हणून समाजकल्याणच्या सरकारी वसतिगृहाचा अर्ज भराच. नंबर लागणार नाही म्हणून सोडू नका. पात्र असूनही जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती-नवबौद्ध मुलामुलींसाठीच तर स्वाधार योजना आहे. नागपुरात वर्षाला ६०,००० रुपये: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, वरखर्चाचे ८,०००. आदिवासींसाठी अशीच ‘स्वयम्’, ओबीसींसाठी ‘आधार’. तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आताच काढा. बँक खातं मुलीच्याच नावाचं, आधार कार्डाशी जोडलेलं हवं. पैसे मात्र मागाहून येतात. पहिल्या महिन्यांचं खोलीभाडं आणि मेसचे पैसे बचत गटातून उचलायचे असतील, तर जूनच्या बैठकीतच विषय काढा.