पालघरची ती ‘लाइक’

दातिवऱ्यापासून बोईसरपर्यंत आपल्या घराघरांत नोव्हेंबर २०१२ ची ती गोष्ट बोलली गेली होती. १७ तारखेला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी रविवार, सगळं बंद. पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुस्लिम मुलीने फेसबुकवर लिहिलं की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने ते ‘लाइक’ केलं. मैत्रीण आपल्या समाजाची नव्हती, हे मुद्दाम सांगतो.

पुढे जमाव आला, मुलीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली. तिने पोस्ट काढली, माफीही मागितली. तरी दोघींना अटक झाली आणि प्रत्येकी १५ हजारांच्या जामिनावर त्या सुटल्या.

चार लोकांच्या दबावापुढे बहुतेक जण गप्प बसतात, मग एखादाच का बोलतो? ‘त्याचा स्वभावच तसा’ असं आपण म्हणून मोकळे होतो. आम्हाला ते अर्धवट वाटतं.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने साधा प्रयोग केला. रेघांची लांबी ओळखायची. पण खोलीतले बाकीचे सगळे त्याचेच लोक, ठरवून चुकीचं उत्तर देणारे. साधारण एक तृतीयांश वेळा माणसांनी डोळ्यांना दिसत असूनही चुकीच्याच उत्तराला हो म्हटलं. मात्र खरं बोलणारा एकच सोबती बसवला, की हे प्रमाण साधारण पावपट उरलं. म्हणजे अख्ख्या गर्दीविरुद्ध एक साथीदार पुरला. जमातीच्या बैठकीत हुंड्याविरुद्ध पहिला हात वर होतो तेव्हा दुसऱ्या हाताची किंमत किती, ते यावरून कळावं.

पालघरला साथ उशिरा मिळाली, पण मिळाली. प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष न्या. मार्कंडेय काटजू यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं. पोलीस अधिकारी निलंबित झाले, दोघींवरचा खटला बंद झाला. श्रेया सिंघल या तरुणीने सुप्रीम कोर्टात याचिका केली. ती या मुलींची नातेवाईक नव्हती की शेजारीण. २४ मार्च २०१५ ला कोर्टाने आयटी कायद्याचं कलम ६६अ घटनाबाह्य ठरवलं.

तरी पोलीस ठाण्यांत हे कलम लागत राहिलं, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं. आपल्या मुला-मुलींना कुणी ६६अ ची भीती घातली, तर हे कलम रद्द आहे एवढं त्यांना माहीत असू द्या. भावना दुखावल्याची इतर कलमं अजून आहेत, तेव्हा वकिलाला विचारा.