डॉलर अवतरण
डॉलर अवतरण ही पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्तस्रोत डेटाबेस प्रणालीत मजकूर-स्थिरांक लिहिण्याची एक पद्धत आहे. तीत एकेरी अवतरणचिन्हांऐवजी दोन डॉलर चिन्हांच्या जोडीने ($$) मजकुराचा आरंभ व शेवट दर्शवितात. जानेवारी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८.० या आवृत्तीपासून ही सोय उपलब्ध आहे. ती एसक्यूएलच्या अधिकृत प्रमाणकाचा भाग नाही.

पार्श्वभूमी
एसक्यूएलमध्ये मजकूर एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात; मजकुरातच असे चिन्ह आल्यास ते दोनदा लिहावे लागते. उदाहरणार्थ, डि'सोझा हे आडनाव 'डि''सोझा' असे लिहिले जाते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये पीएल/पीजीएसक्यूएल भाषेतील फंक्शनचा संपूर्ण गाभा हाही एक मजकूरच असतो. तो एकेरी चिन्हांत लिहिल्यास आतील प्रत्येक चिन्ह पुन्हा दुप्पट होते व तेच आडनाव ''डि''''सोझा'' असे लिहावे लागते. फंक्शनमध्ये दुसरी आज्ञा मजकूररूपाने रचली जात असेल, तर सलग सहा, प्रसंगी दहा चिन्हे येतात. अशी संहिता वाचणे व तपासणे अवघड होते.

रचना
दोन डॉलर चिन्हांमध्ये ऐच्छिक खूण देता येते. जसे $गाभा$ … $गाभा$. आरंभीची व शेवटची खूण तंतोतंत सारखी असावी लागते; रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे भिन्न मानली जातात. खुणेत मोकळी जागा चालत नाही आणि तिचा आरंभ अंकाने होत नाही, कारण $१ यासारखी रचना (इंग्रजी अंकांत) फंक्शनच्या प्राचलासाठी राखीव आहे. खुणांमधील मजकूर जसाच्या तसा घेतला जातो. त्यात तिरप्या रेषेलाही विशेष अर्थ नसतो. वेगवेगळ्या खुणा वापरून एका अवतरणात दुसरे अवतरण ठेवता येते.

मर्यादा व सुरक्षितता
डॉलर अवतरण केवळ ठरावीक मजकुरासाठी योग्य आहे. वापरकर्त्याने दिलेले मूल्य $$ चिन्हांमध्ये जोडून आज्ञा रचल्यास, त्या मूल्यातच $$ असल्यास अवतरण तेथेच संपते आणि पुढील मजकूर आज्ञा म्हणून चालविला जाऊ शकतो. या प्रकारास एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. तो टाळण्यासाठी 'एक्झिक्यूट' आज्ञेतील 'युझिंग' या उपवाक्याने मूल्ये स्वतंत्रपणे पुरविणे श्रेयस्कर असते. मात्र तक्त्यांची व स्तंभांची नावे अशा प्रकारे देता येत नाहीत. त्यांसाठी 'क्वोट आयडेंट' हे फंक्शन वापरतात. मूल्य आज्ञेतच गुंफायचे असल्यास 'क्वोट लिटरल' वापरतात. ते रिक्त (नल) मूल्यासाठी रिक्तच उत्तर देते व जोडलेली संपूर्ण आज्ञा रिक्त होते. म्हणून तेथे 'क्वोट नलेबल' उपयोगी पडते.

सद्यःस्थिती
२०२१ मधील १४ व्या आवृत्तीपासून एसक्यूएल भाषेतील फंक्शनचा गाभा अवतरणाविनाही लिहिता येतो. पीएल/पीजीएसक्यूएलमध्ये मात्र डॉलर अवतरणच रूढ आहे.