हात मोकळे, चित्त कोठें?

मुंबईहून पूर्व मुक्तमार्गानें बाहेर पडतांना ट्रॉम्बेच्या डोंगरांतील जुळे बोगदे लागतात. लांबी सुमारें अर्धा किलोमीटर. एवढें अंतर ध्यानांत असूं द्यावें.

मोटार हांकतांना फोन हातांत धरून बोलणें हा गुन्हा असल्याचें २०१९ च्या कायदेदुरुस्तीनें स्पष्ट केलें. २०१४-१५ पासून ‘कारप्ले’ व ‘अँड्रॉइड ऑटो’ ह्यांच्या योगें फोन गाडीच्या पडद्याशीं जोडला जाऊन तोंडी हुकूम ऐकूं लागला होताच. हात स्टिअरिंगवर, दृष्टि रस्त्यावर. मग काळजी कसली, असें आपणांस वाटतें. परंतु २०१५ सालीं अमेरिकेंतील यूटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेयर ह्यांना प्रयोगांतीं आढळलें कीं, हुकूम देऊन झाल्यावरहि चालकाचें चित्त कांहीं यंत्रांपायीं २७ सेकंदांपर्यंत पुरतें ठिकाणावर येत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें तेवढ्यांत ४५० मीटर कापले जातात. म्हणजे जवळजवळ सबंध बोगदा!

शेजारीं बसलेल्या वहिनी अवघड वळण दिसतांच बोलणें थांबवितात. यंत्राला तेवढा पोंच कोठला? नांव नीट उमगलें नाहीं तर तें पुनः पुनः विचारीत बसतें.

आमच्या घरीं मार्ग आणि गाणीं निघण्यापूर्वींच लावून ठेवतात. वाटेंत फोन वाजलाच, तर तो मागें बसलेल्या मंडळींनीं घ्यावयाचा.