टेकड्यांची उंची पुन्हा मोजताना : लेझर सर्वेक्षणाने बदलणाऱ्या नोंदी

नकाशावर एकदा छापलेली डोंगराची उंची ही कायमची असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हा आकडा मोजण्याच्या साधनावर आणि समुद्रसपाटी कोठे धरली आहे यावर अवलंबून असतो. विमानातून केल्या जाणाऱ्या लेझर सर्वेक्षणामुळे गेल्या काही वर्षांत अनेक टेकड्यांच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या जात आहेत. ब्रिटनमध्ये या कामाने विशेष वेग घेतला असून तेथील अनुभव भारतासारख्या देशालाही उपयुक्त ठरणारा आहे.

लायडार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. विमानात बसविलेल्या यंत्रातून दर सेकंदाला लक्षावधी लेझर स्पंद जमिनीकडे सोडले जातात आणि प्रत्येक स्पंद परत येण्यास लागलेला वेळ मोजला जातो. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असल्यामुळे १ किलोमीटर उंचीवरून सोडलेला स्पंद सुमारे ६.७ मायक्रोसेकंदांत परततो. वेळेच्या मोजणीत एका नॅनोसेकंदाची चूक झाली, तर अंतरात १५ सेंटीमीटरची चूक होते. विमानाचे त्या क्षणीचे स्थान उपग्रहांच्या साहाय्याने आणि त्याचा कल स्वतंत्र संवेदकांनी नोंदविला जातो. या सर्वांचा मेळ घालून जमिनीवरील प्रत्येक बिंदूची उंची काढली जाते.

झाडी असलेल्या भागात एकाच स्पंदाचे अनेक परावर्तन मिळतात. पहिले परावर्तन झाडाच्या शेंड्यावरून येते, तर पानांच्या फटींतून खाली पोहोचलेला भाग जमिनीवरून परततो. संगणकाच्या साहाय्याने झाडे, घरे व भिंती वेगळ्या काढल्या की केवळ जमिनीचा उंचसखलपणा दाखविणारे प्रतिमान तयार होते. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने मुख्यतः पुराचा धोका ओळखण्यासाठी अशी माहिती गोळा केली आणि २०१५ मध्ये ती सर्वांना विनामूल्य खुली केली. पुढे संपूर्ण इंग्लंडचे १ मीटर अंतराच्या जाळ्यावर सर्वेक्षण करण्याची योजनाही हाती घेण्यात आली. नदीकाठच्या गावांसाठी जमविलेली ही माहिती टेकड्यांच्या अभ्यासकांच्या हाती आली आणि जुन्या आकड्यांतील फरक दिसू लागले.

ब्रिटनमध्ये या फरकांना महत्त्व येण्याचे कारण तेथील गिर्यारोहणाच्या परंपरेत आहे. ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये स्कॉटलंडमधील ३,००० फुटांहून उंच शिखरांची यादी प्रसिद्ध केली. ‘मन्रो’ म्हणून ओळखली जाणारी ही सर्व शिखरे चढून जाणे हे हजारो गिर्यारोहकांचे ध्येय असते. ३,००० फूट म्हणजे ९१४.४ मीटर. बेन अ ख्लाइव या शिखराची नकाशावरील उंची ९१६ मीटर होती. उपग्रहाधारित मोजणीत ती ९१३.९६ मीटर भरली. २०१२ मध्ये हे शिखर यादीतून वगळण्यात आले आणि मन्रोंची संख्या २८२ झाली. डोंगर जागचा हलला नव्हता. मोजणी तेवढी अधिक अचूक झाली होती.

नकाशांवरील असे अनेक जुने आकडे हवाई छायाचित्रांच्या जोड्यांवरून काढलेले आहेत. त्या पद्धतीत डोंगराळ भागात काही मीटरची चूक संभवते. उलट उघड्या जमिनीवर लायडारची चूक साधारणपणे १० ते २० सेंटीमीटरच्या आसपास राहते. त्यामुळे मर्यादेच्या अगदी जवळ असलेली शिखरे कोणती, हे घरबसल्या शोधणे शक्य झाले आहे. ब्रिटिश व आयरिश टेकड्यांची माहितीसूची सांभाळणारे हौशी अभ्यासक याच मार्गाने नोंदी सुधारत आहेत.

शिखराइतकाच खिंडीचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. एखादा माथा स्वतंत्र टेकडी मानावा की शेजारच्या डोंगराचा भाग, हे दोहोंमधील खिंडीपासून तो किती वर उठला आहे यावरून ठरते. ब्रिटनमधील ‘मॅरिलिन’ या यादीसाठी किमान १५० मीटरचा उठाव आवश्यक मानला जातो. खिंडी बहुधा रुंद, सपाट आणि दलदलीच्या असतात. तेथे नेमका बिंदू पायी शोधणे कठीण असते. लेझर सर्वेक्षणात असा बिंदू संगणकाला काही क्षणांत सापडतो.

तथापि या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. स्पंद ठरावीक अंतराने पडत असल्यामुळे अणकुचीदार खडकाचे टोक दोन स्पंदांच्या मध्ये सुटू शकते आणि शिखराची उंची कमी भरते. याउलट दाट गवत, झुडपे किंवा माथ्यावर रचलेली दगडांची रास जमीन समजली गेली, तर उंची वाढते. म्हणून निर्णय काही सेंटीमीटरवर अवलंबून असेल, तेव्हा माणसाला माथ्यावर जावेच लागते. तेथे समतलनाच्या उपकरणाने सर्वांत उंच नैसर्गिक बिंदू निश्चित करून त्यावर उपग्रह संकेत ग्राहक बराच काळ ठेवला जातो.

एवढे करूनही समुद्रसपाटीचा प्रश्न उरतो. ब्रिटनमध्ये कॉर्नवॉलमधील न्यूलिन येथे १९१५ ते १९२१ या काळात नोंदविलेली सरासरी समुद्रपातळी आधार मानली जाते. भारतात नऊ भरतीमापन केंद्रांच्या नोंदींवर आधारलेली १९०९ ची पातळी दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. उपग्रह मात्र पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची उंची देतो. तिचे समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत रूपांतर करण्यासाठी गुरुत्वाकर्षणावर आधारित प्रतिमान लागते आणि ते बदलले की उंचीही बदलते.

कंब्रियातील काफ टॉप हे याचे ठळक उदाहरण होय. २,००० फूट, म्हणजे ६०९.६ मीटर, ही तेथे पर्वत मानण्याची रूढ मर्यादा आहे. २०१० च्या मोजणीत काफ टॉप या मर्यादेला सुमारे २ सेंटीमीटर कमी पडला. २०१६ मध्ये ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या नकाशा संस्थेने नवे प्रतिमान स्वीकारल्यावर त्याच मोजणीतून ६०९.६०६ मीटर ही उंची निघाली आणि अवघ्या ६ मिलिमीटरने ती टेकडी पर्वत ठरली. त्याच वर्षी बेन नेव्हिस या ब्रिटनमधील सर्वोच्च शिखराची नोंद १,३४४ वरून १,३४५ मीटर झाली. नवी मोजणी १,३४४.५२७ मीटर होती. जुन्या मोजणीपेक्षा फरक काही सेंटीमीटरचाच असला, तरी पूर्णांकात मांडताना तो एक मीटर झाला.

भारताला उंचीमापनाची मोठी परंपरा आहे. १८०२ मध्ये मद्रास येथून सुरू झालेल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातून पुढे एव्हरेस्टची उंची निश्चित झाली. राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीवर आधारलेली २९,००२ फूट ही उंची १८५६ मध्ये जाहीर झाली. नेपाळ व चीनने २०२० मध्ये संयुक्तपणे जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेच्या मार्गासाठी देशात हवाई लेझर सर्वेक्षण करण्यात आले. २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणात २०३० पर्यंत मैदानी भागांसाठी २५ सेंटीमीटर आणि डोंगराळ भागांसाठी १ ते ३ मीटर अचूकतेची उंची प्रतिमाने तयार करण्याचे उद्दिष्ट आहे.

सह्याद्रीत अशा कामाला पावसाळ्यातील ढग व दाट झाडी यांचा अडथळा येतो. पानगळीनंतरचा कोरडा काळ त्यासाठी अधिक सोयीचा असतो. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईसारख्या शिखरावर देवीचे मंदिर आहे. अशा ठिकाणी मंदिराचा कळस नव्हे, तर नैसर्गिक जमीन मोजावी लागते.

विमानांच्या सुरक्षित उड्डाणापासून दरडी व पुरांच्या अंदाजापर्यंत अनेक कामे उंचीच्या नोंदींवर चालतात. त्यामुळे केवळ नवा आकडा छापणे पुरेसे नाही. मोजणी केव्हा, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या समुद्रपातळीच्या आधारे झाली व तीत किती चूक संभवते, हेही नोंदवले गेले, तरच पुढील पिढीला डोंगर बदलला की केवळ मोजमाप बदलले, हे सांगता येईल.